गल्लीभर सांगितलेला रोग

संपादकांनी सांगितलं, "सेवेच्या क्षेत्रातले तुमचे चार हृद्य अनुभव लिहा." हृद्य अनुभव माझ्याजवळ भरपूर आहेत. सत्काराच्या सभांमधून ते मी इतक्या वेळा सांगितले आहेत की आता सांगताना माझंच लक्ष चहाच्या कपांकडे असतं. तेव्हा ते राहू द्यात. मी इथं गिरजाबद्दल लिहिणार आहे. तिची गोष्टही मी पुष्कळदा सांगितली, अगदी वर्षानुवर्षं सांगितली, पण दर वेळी थोडी लबाडी करून. एकदा ती सरळ लिहून टाकावी म्हणते. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला ती फारशी गोड नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

तेव्हा नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं आणि दुसरं महायुद्ध अजून यायचं होतं. सदरमधल्या एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा गृहभेटीचा वर्ग भरे. गृहभेट म्हणजे काय, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं. आमचं काम एवढंच, की कुणी न बोलावता लोकांच्या घरी जायचं. बाळंतीण असेल, तान्हं मूल असेल, कुणी खोकत पडलं असेल, तर बसायचं, विचारपूस करायची, स्वच्छतेच्या चार गोष्टी सांगायच्या आणि गरज वाटली तर दवाखान्यापर्यंत सोबत न्यायचं. निळ्या काठाचं पांढरं पातळ आणि खांद्याला कापडी पिशवी असा आमचा वेश. लोकांना आम्ही कोण ते कळत नसे. कुणी देवी टोचणाऱ्या समजे, कुणी किरिस्ताव करायला आलेल्या. महाल भागातल्या एका म्हातारीनं तर मला नातीला पाहायला आलेली वरपक्षाची बाई समजून पोहे खायला घातले. मी ते खाल्ले आणि मग खरं सांगितलं. तिनं नातीला आत पिटाळलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. पोहे चांगले होते.

आमच्या मुख्य वत्सलाबाई. उंच, सावळ्या, खर्जातल्या आवाजाच्या. त्यांनी एक प्रथा घातली होती, शनिवारच्या बैठकीची. आठवडाभराची कामं संपली की आम्ही सगळ्या सतरंजीवर गोल बसायचं आणि प्रत्येकीनं त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. दुसरीची नव्हे, आपलीच. मग बाई विचारायच्या, "तू काय केलंस? का केलंस? पुन्हा तीच वेळ आली तर काय करशील?" कुणी कुणाला हसायचं नाही, कुणी कुणाला दोष द्यायचा नाही, असा दंडक होता. तरी हसू यायचंच. एकीनं एका घरात रात्री खिडक्या उघड्या ठेवून झोपा म्हणून ऐटीत सांगितलं होतं. त्या घराला खिडकीच नव्हती, एक दार होतं आणि त्यात शेळी बांधलेली असायची.

आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या काळात असं काही करून घेणारी बाई विरळाच. चूक झाली की ती झाकायची, हेच आम्ही घरून शिकून आलो होतो. बाईंनी ती उघडी करायला शिकवलं. पण मी हुशार होते. चूक उघडी करायची ती कशी, हे मी पहिल्या दोनतीन शनिवारीच ओळखलं. अशी चूक निवडायची, की जिच्यात आपण प्रामाणिक दिसू आणि नुकसान कुणाचंच झालेलं नसेल. "मी थर्मामीटर विसरले", "मी म्हाताऱ्या आजोबांशी जरा जोरात बोलले". बाई मान डोलवायच्या. "कमल स्वतःकडे नीट पाहते," असं त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. त्या दिवशी मी तरंगतच धंतोलीला घरी गेले.

इतवारीच्या पलीकडे विणकरांची एक वस्ती माझ्याकडे होती. गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरं आणि घराघरात जमिनीत खड्डा करून बसवलेले माग. सकाळपासून नुसती खटखट. पुरुष मागावर बसायचे, बायका रहाटावर सुताच्या कांड्या भरायच्या, आणि सुताची बारीक धूळ सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर बसलेली असायची. गिरजा त्याच गल्लीतली. वीस-बावीस वर्षांची असेल. नवरा, सासू आणि चार-पाच वर्षांची मुलगी, शेवंती. आदल्या वर्षी तिचं एक मूल जन्मतःच गेलं होतं, त्यानंतर ती अंगानं भरलीच नाही.

त्या सकाळी मी गेले तेव्हा ती दारात बसून कांड्या भरत होती आणि खोकत होती. शेवंती तिच्या पाठीवर रेललेली.

"किती दिवस झाले गं खोकल्याला?" मी विचारलं.

"झाले असतीन बाई, दिवाळीपासून."

"संध्याकाळी अंगात कणकण येते?"

"येते कधी कधी. काम असलं का येत नाई," असं म्हणून ती हसली.

मी मनात निकाल देऊन टाकला. क्षय.

आता आमचा नियम स्पष्ट होता. संशय आला की माणसाला दवाखान्यात न्यायचं, थुंकी तपासून घ्यायची आणि डॉक्टर सांगेपर्यंत रोगाचं नाव तोंडातून काढायचं नाही. हा नियम बाईंनी आमच्याकडून घोकून घेतला होता. पण त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती, प्रात्यक्षिक. एका घरात एकीला सांगण्यापेक्षा शेजारणी जमवाव्यात, करून दाखवावं, म्हणजे दहाजणी एकदम शिकतात. हे प्रात्यक्षिक मला फार आवडायचं. ओट्यावर उभं राहावं, समोर बायका बसलेल्या असाव्यात आणि आपण बोलावं. शाळेत असताना मला नाटकात काम करायचं होतं, घरच्यांनी करू दिलं नाही. ती हौस मी इथं भागवून घ्यायची.

मी सासूला चूल पेटवायला सांगितली, मोठं पातेलं मागवलं आणि शेजारच्या बायकांना हाका मारल्या. बघता बघता ओटा भरला. मग मी पिशवीतून प्रात्यक्षिकाची जर्मनची थाळी, वाटी आणि पेला काढला. ॲल्युमिनियमला तेव्हा सगळे जर्मन म्हणत. मी सांगायला लागले. या रोगाच्या माणसाची भांडी वेगळी ठेवायची, ती अशी उकळून काढायची. त्याचं अंथरूण वेगळं. थुंकी राखेत. लेकराला जवळ घ्यायचं नाही, त्याचा मुका घ्यायचा नाही. मागांच्या आवाजात माझं बोलणं ऐकू जाईना म्हणून मी आवाज चढवला. तेव्हा शेजारचा माग थांबला. मग त्याच्या पलीकडचा. हळूहळू सगळी गल्ली शांत झाली आणि पुरुषही दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, काय छान ऐकताहेत.

गिरजानं हळूच विचारलं, "हे थाळी माही हाये का बाई?"

"हो, फक्त तुझी. यात दुसऱ्या कुणी खायचं नाही."

तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. सासू म्हणाली, "ठेव वं तिकडं, बाहीरच्या कोनाड्यात." आणि मी म्हणाले, "शाब्बास, सासूबाई."

हो, मी सासूला शाब्बास म्हणाले.

त्या वस्तीत जातीची पंचायत होती आणि तिचा दरारा होता. एखाद्याला जातीनं टाकलं की त्याच्याशी पहिली गोष्ट कोणती करायची, तर त्याचं भांडं वेगळं. घरचे पितळेत जेवायचे. जर्मनची थाळी दारावर येणाऱ्या भिकाऱ्यासाठी असायची. त्या टाकलेल्याला पुन्हा जातीत घ्यायचं तर त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं आणि पंचांनी त्याच्या पंगतीत बसून घास घ्यायचा. मी गिरजाचं भांडं वेगळं केलं, तेही तिच्याच ओट्यावर, सगळ्या गल्लीच्या देखत. पंचायतीला एवढं काम कुणी आयतं करून दिलं नसेल.

पुढच्या आठवड्यात तिला सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, पुन्हा तपासली, छाती ठोकून पाहिली. काहीही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, सुताची धूळ आणि अशक्तपणा, बाकी हिला रोगबिग काही नाही. दूध द्या, विश्रांती द्या. कणकण कशाची, तर उपाशी अंगानं काम करण्याची. परत येताना टांग्यात मी खूश होते. मी म्हणाले, "बघ, किती चांगलं झालं!"

ती म्हणाली, "तुम्ही घरी येऊन सांगजा बाई. मी सांगतलं तं कोणी आयकणार नाई."

"येते ना, उद्याच येते."

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. वर्गात परीक्षेची तयारी चालू होती. गेले ती बऱ्याच दिवसांनी, आणि तोवर गिरजा तिथं नव्हती. तिला माहेरी, उमरेडला पाठवून दिलं होतं. शेवंतीला ठेवून घेतलं होतं. नवरा मागावर बसला होता, त्यानं मान वर केली नाही. सासू दारात आली.

मी म्हणाले, "सासूबाई, गिरजाला रोग नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आता सांगून राहिल्या?"

"जरा उशीर झाला. पण तिला परत आणा. लेकरू आहे तिचं."

"बाई, रोग हाये म्हणून कोणं सांगतलं? तुम्हीच ना? साऱ्या गल्लीसमोर सांगतलं. पंच येऊन बसले आमच्या घरी. आमच्या घरचं पाणी बंद केलं लोकांनी. आता मी कोणाकोणाच्या दारी जाऊ सांगाले, का बाई चुकल्या म्हणून?"

त्या क्षणी एकच गोष्ट करण्यासारखी होती. त्याच ओट्यावर चढायचं, त्याच आवाजात ओरडायचं, की लोकहो, माझी चूक झाली, गिरजा निरोगी आहे. गल्ली तीच होती, बायका रहाटावर बसलेल्याच होत्या. पण मला लाज वाटली. ज्या बायका माझ्याकडे तोंडात बोट घालून बघत होत्या, त्यांच्यासमोर मी खोटी पडले असते. मी सासूला दबक्या आवाजात पुन्हा एकदा म्हणाले, "बघा, समजावून सांगा लोकांना," आणि निघाले. रोग सांगितला तो ओरडून, रोग नाही हे सांगितलं कुजबुजून. दाराच्या आतल्या अंधारात शेवंती उभी होती. मी तिच्याशीही काही बोलले नाही.

त्या शनिवारी माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, "मी एका घरातून हात न धुता बाहेर पडले."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "आणखी काही?"

"नाही, बाई."

त्यांना कुणी काही सांगितलं होतं की काय, मला कधी कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मला वाटलं, सुटले.

दोन वर्षांनी मी ते सांगितलं. बाई तोवर थकल्या होत्या, वर्ग हळूहळू माझ्याकडे येत होता. एका बैठकीत नव्या मुली काही बोलायलाच तयार होईनात. तेव्हा त्यांची भीड चेपावी म्हणून मी गिरजाची हकिगत सांगून टाकली. मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हणाली, "बाई, तुम्ही एवढ्या मोठ्या असून हे सांगता!" आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. त्यानंतर दर वर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मी ती गोष्ट सांगू लागले. सांगून सांगून ती घोटीव झाली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं. शेवटी मी म्हणत असे, "मुलींनो, मला त्यांच्या रिवाजाचं ज्ञान नव्हतं. म्हणून घराचं मन वाचल्याशिवाय घराला सल्ला देऊ नका."

हे साफ खोटं होतं. धंतोलीत आमच्याच स्वयंपाकघराबाहेर एका कोनाड्यात मोलकरणीची कपबशी वेगळी ठेवलेली असे. ती मी रोज बघत होते आणि ती चुकून आमच्या कपांत मिसळली तर आई काय म्हणायची तेही मला पाठ होतं. वेगळ्या भांड्याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको होता. मी विचार केला नाही, कारण ते भांडं माझं नव्हतं. पण वर्गात सांगताना अज्ञान शोभून दिसतं. तेव्हा मी अज्ञान पत्करलं. गल्ली जमवल्याचं सांगत असे, पण दुसऱ्या दिवशी जाते म्हणून गेले नाही हे कधी सांगितलं नाही. कुजबुजून परत आले हेही नाही.

त्या चुकीतून मी काहीच शिकले नाही असंही नाही. मी नियमच करून टाकला, की क्षयाच्या घरात एकट्या रोग्याचं भांडं वेगळं काढायचं नाही. घरातल्या प्रत्येकाला आपापला पेला आणि आपापली थाळी ठरवून द्यायची, सासऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत, आणि सगळ्यांचीच उकळायची. मग कुणाचं वेगळं दिसत नाही. ही रीत माझ्या मुलींनी गावोगाव नेली आणि तिच्यामुळे कितीतरी बायका आपल्या घरात राहिल्या. त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. मला वाटायचं, गिरजाची चूक अशी फेडली.

मग युद्ध संपता संपता वर्गात वेणू आली. आर्वीकडची, ठेंगणी, बोलायला लागली की थांबत नसे. पहिल्या दिवशी मी नेहमीची गोष्ट सांगितली. मुली नेहमीसारख्या गप्प झाल्या. वेणू म्हणाली, "मंग त्या बाईचं काय झालं?"

"सांगितलं ना. माहेरी गेली."

"हाव, पण मंग?"

"मग म्हणजे?"

"मंग पुढं. ते परत आली का? तिची पोट्टी मोठी झाली असन ना आता. कोणापाशी हाये?"

मला राग आला. मी म्हणाले, "वेणू, हा वर्ग आपल्या चुकांकडे पाहायला आहे, लोकांच्या चौकशा करायला नाही." ती ओशाळून गप्प बसली. मुलींना वाटलं बाईंनी बरोबर कान उपटले. मी घरी आले आणि जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी काय केलं, मी का केलं, मी पुन्हा काय करीन, मी काय शिकले. सगळीकडे मी. गिरजा जिवंत होती की नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं आणि तिच्या जिवावर मी दर वर्षी एका नव्या वर्गाची वाहवा मिळवत होते. त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. तरीही मी लगेच गेले नाही. आठवडे गेले. शेवटी वेणू दिसली की मी रस्ता बदलते आहे हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा इतवारी स्टेशनहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीत बसले आणि उमरेडला उतरले.

विणकरांच्या आळीत विचारत गेले. भावाच्या घराच्या पडवीत गिरजा रहाटावर कांड्या भरत होती. केस पिकले होते, अंगानं मात्र तेव्हापेक्षा बरी होती. मी म्हणाले, "ओळखलंस का?"

"हाव," ती म्हणाली. "आवाजावरून."

तिनं मला बसायला पोतं दिलं, भाचीकडून पाणी मागवलं आणि पुन्हा काम सुरू केलं. मी बोलायला लागले. गिरजा, माझी फार मोठी चूक झाली, मी नियम मोडला, मी गल्लीसमोर बोलायला नको होतं. थोडा वेळ बोलल्यावर मला कळलं, की मी वर्गातलीच गोष्ट सांगते आहे. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. आवाजसुद्धा ठरलेल्या जागी खाली आला. मी एकदम थांबले.

"झालं का तुमचं?" गिरजानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. माझं बोलणं संपलं का, एवढंच तिला हवं होतं.

"झालं."

"माही पोट्टी पाहली का तुम्ही?"

"नाही."

"एकाच शहरात राहून राहिल्या ना तुम्ही?"

मग तिनंच सांगितलं, नवऱ्यानं वर्षभरात दुसरी बाई पाट लावून आणली. त्याचं तिला काही नाही, तो बापडा आईपुढं कधी बोललाच नव्हता. शेवंतीचं मागल्या साली लग्न झालं. गिरजा लग्नाला गेली होती. मांडवाच्या बाहेर उभी राहिली, कुणी आत बोलावलं नाही.

"मले पाहून ते मांगं सरकली बाई. माही पोट्टी. भेली ते. लहानपणापासून सांगून ठेवलं ना तिले, मायच्या जवळ गेली तं तुलेबी रोग होईन म्हणून. आता तिले दिवस गेले म्हणतात. मले एक डाव जवळून पाहाचं हाये तिले."

"मी काय करू, सांग."

"तुम्ही सांगा तिले. मी सांगतलं, भावानं सांगतलं, कोणी आयकत नाई. रोग हाये म्हणून तुम्ही सांगतलं. तं नाई हाये, हेबी तुम्हीच सांगा. पन फुसफुस नोका करू."

कुजबुजीबद्दल तिला कुणी सांगितलं होतं की काय, मी विचारलं नाही. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती पटकन बाजूला झाली. "नोका बाई. त्यानं माहं काई होत नाई."

शेवंतीचं सासर नागपुरातच, तिच्या बापाच्या घरापासून फारसं दूर नाही. मी गेले तेव्हा भर दुपार होती आणि पडवीत चारपाच बाया सूत उकलत बसल्या होत्या. शेवंती त्यांच्यात होती. आईसारखं कपाळ, पोट दिसायला लागलेलं. मी तिच्या सासूला नाव सांगितलं आणि उभ्यानंच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शेवंती, तुझ्या आईला कधीच रोग नव्हता. सरकारी दवाखान्यात तपासलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला रोग आहे असं सांगणारी मी होते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी मनानंच ठरवलं. ते खोटं होतं." वर्गातलं एकही वाक्य मी येऊ दिलं नाही. मागे गल्लीत दोघं-तिघं थांबले होते, तेही मला जाणवत होतं.

शेवंतीनं हातातलं सूत खाली ठेवलं आणि म्हणाली, "माय खोकलते म्हणतात ना?"

"खोकते. धुळीनं. इथल्या तुम्ही सगळ्या खोकता तेवढंच."

बायांतली एक हसली आणि लगेच गप्प झाली.

"तुम्हाले कवापासून माहीत हाये हे?"

मला वाटलं होतं ती रडेल, आरडाओरडा करेल. तिनं फक्त एवढंच विचारलं. खोटं बोलायला जागा नव्हती. मी म्हणाले, "दवाखान्यात तपासलं त्या दिवसापासून. तू दारात उभी होतीस, तेव्हासुद्धा माहीत होतं."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

चुका कशा तपासायच्या, हे मी इतकी वर्षं शिकवत आले होते. मी म्हणाले, "लाज वाटली मला."

"तुम्हाले लाज वाटली," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. मग ती उठली, आत गेली, एका लुगड्यात काहीतरी बांधून बाहेर आली आणि सासूसमोर उभी राहिली. "आत्या, मी मायकडे जाऊ का उमरेडले?"

सासूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "जाय वं. तुह्या दिराले घेऊन जाय संगं. गाडी सुटाची हाये अजून."

मी पुढं झाले. म्हणाले, "मी येते ना सोबत. मला घर माहीत आहे. अशा दिवसांत एकटीनं नको."

शेवंतीनं माझ्याकडे सरळ पाहिलं. आवाज चढवला नाही तिनं. "नाई. तुम्ही नोका येऊ."

ती दिराबरोबर गल्लीच्या तोंडाकडे गेली आणि मी त्या पडवीत उभी राहिले. कुणी मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

त्या दोघी कशा भेटल्या, ते मला माहीत नाही. शेवंतीनं आईला आपल्याकडे आणलं की नाही, बाळंतपणाला ती उमरेडला गेली की नाही, हेही नाही. पुढे त्या गल्लीवरून मी अनेकदा गेले आणि विचारणं काही अवघड नव्हतं. आधीची सगळी वर्षं मी चौकशी केली नाही ती भीतीनं. नंतर केली नाही, कारण तिनं मला येऊ नका म्हणून सांगितलं होतं.